पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

सज्जनहो, जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच ज्या माउलीचे नाव ओठावर येते, तिचे या मंगल प्रसंगी पुण्यस्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे.

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो मराठी राज्याच्या विस्ताराचा काळ होता. थोरल्या बाजीरावांनी माळवा घेतला, नानासाहेबांच्या काळात मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी आपल्या उदगीरला निजामाचा पराभव केला. पण पुढच्याच वर्षी पानिपतावर घात झाला. मग थोरल्या माधवरावांनी ती घडी पुन्हा बसविली.

या चढउतारांत अहिल्यादेवींवर दुःखाचे डोंगर कोसळले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती पडले. सासऱ्यांनी त्यांना सती जाऊ दिले नाही, उलट दौलतीचा हिशेब व कारभार शिकविला. १७६६ साली मल्हारराव वारले, वर्षभरात एकुलता पुत्र मालेरावही गेला. राज्य बळकावण्याची खटपट झाली, पण बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी महेश्वराहून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे कारभार केला.

त्यांच्या दानधर्माचे मर्म हिशेबात आहे. १७३४ साली पेशव्यांनी सासूबाई गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली होती. ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. देवकार्याचा खर्च या खासगीतून होई. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. याच पुण्याईतून १७८० साली काशी विश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले, सोमनाथाला नवे मंदिर मिळाले, गयेचे विष्णुपद सजले. आपला मराठवाडा तेव्हा बहुतांशी निजामाच्या अमलाखाली होता. तरीही वेरूळचे घृष्णेश्वर, परळीचे वैजनाथ आणि औंढ्याचे नागनाथ येथे त्यांनी जीर्णोद्धार केला. मुलूख कोणाचा हे त्यांनी पाहिले नाही, देव आणि यात्रेकरू पाहिले. म्हणून घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रेही झाली.

मंदिर बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजा, नंदादीप व अन्नदान यांसाठी त्यांनी ठिकठिकाणी वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. १८१८ साली पेशवाई बुडाली, १९४८ साली होळकरांचे संस्थानही विलीन झाले. तलवारीने मिळविलेले मुलूख गेले. पण त्या माउलीने बांधलेल्या मंदिरांत आजही घंटा वाजते.

ग्रामस्थहो, आपल्या कळसासाठी कोणी हजार दिले, कोणी मजुरीतले पाच दिले, कोणी नुसते श्रम दिले. देवापाशी सर्वांची नोंद सारखीच आहे. परंतु कळस चढला म्हणजे काम संपले असे नाही. रोजचा दिवा कोणी लावायचा, पावसाळ्यात गळती कोणी पाहायची, पेटीतल्या पैशाचा हिशेब गावापुढे केव्हा ठेवायचा, हे आजच ठरले पाहिजे. तीच अहिल्यादेवींना खरी आदरांजली ठरेल.