पॉल रॉबसन : गुलामांच्या गाण्याला मान मिळवून देणारा गायक

ब्लूज, जॅझ, गॉस्पेल, सोल, रॉक. ज्या अमेरिकन संगीतावर आज सारे जग डोलते त्याची मुळे कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या काळ्या गुलामांच्या गाण्यात आहेत. गोऱ्या समाजाने मात्र आधी या गाण्याची टिंगलच केली. तोंडाला काळे फासून काळ्या माणसाची नक्कल करणारे मिन्स्ट्रेल शो तिथे अनेक दशके गर्दी खेचत होते. तेच गाणे मानाने रंगमंचावर नेणाऱ्या पॉल रॉबसन यांची ओळख चळवळीतल्या तरुणांनी करून घ्यावी, असे आम्हास वाटते.

रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. वडील जन्माने गुलाम. पंधराव्या वर्षी ते मळ्यातून पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. शिक्षणाचे वेड त्यांनीच मुलाला लावले. १९१५ साली रॉबसन शिष्यवृत्ती मिळवून रटगर्स महाविद्यालयात गेले. तिथे फुटबॉलच्या सरावात स्वतःच्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्यांना जायबंदी केले. तरीही ते देशातील सर्वोत्तम खेळाडूंत निवडले गेले. १९२३ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे कोलंबिया.

पुढे वकिलीच्या कचेरीत एका गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घ्यायला नकार दिला. बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली फेकत, हे आम्ही जाणतो. वर्ण काय, जात काय, रीत एकच! रॉबसन यांनी वकिली सोडली.

एप्रिल १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यांनी पियानोवादक लॉरेन्स ब्राऊन यांच्या साथीने संपूर्ण कार्यक्रम काळ्यांच्याच गाण्यांचा केला. गुलामांची भजने त्यांनी शास्त्रीय मैफलीच्या इतमामाने गायिली. १९२८ साली लंडनमध्ये ‘शो बोट’ या संगीत नाटकातील मिसिसिपी नदीवरच्या गाण्याने त्यांना जगभर नाव मिळाले. ते गाणे गोऱ्या लेखकाने लिहिलेले, थकलेल्या, हताश काळ्या मजुराचे होते. पुढे रॉबसन यांनी त्याचे शब्दच बदलले. शरणागतीच्या जागी मरेपर्यंत लढण्याची भाषा आणली. चाल तीच राहिली, पण गाणारा माणूस बदलला.

हाच आवाज सत्तेला खुपू लागला. १९५० साली अमेरिकन सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. १९५१ साली काळ्यांवरील अत्याचारांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांना देण्यात ते पुढे होते. १९५२ साली त्यांनी कॅनडाच्या सीमेवर ट्रकवर उभे राहून पलीकडच्या हजारो कामगारांसाठी गाणी म्हटली. १९५७ साली समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून ते वेल्सच्या खाणकामगारांसाठी गायले. अखेर १९५८ च्या केंट विरुद्ध डलेस खटल्यात, राजकीय मतांमुळे पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्याला नाही, असा निकाल लागला आणि त्यांना पासपोर्ट परत मिळाला. परदेशी जाण्याच्या हक्काचा हाच प्रश्न आपल्याकडे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात राज्यघटनेच्या कलम २१ खाली आला, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहे. मधल्या आठ वर्षांत रॉबसन यांचे गाण्याचे उमेदीचे दिवस मात्र निघून गेले होते. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वच आम्हाला मान्य नाही. सोव्हिएत रशियात वर्णभेदाविना वागणूक मिळाली म्हणून ते भारावले आणि स्टालिनच्या दडपशाहीबद्दल जाहीरपणे बोलले नाहीत. हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग बाबासाहेबांनी नाकारला, बुद्धाचा स्वीकारला. व्यक्तिपूजा न करता माणूस समजून घ्यावा, हीच आपली शिकवण आहे.

मात्र गाण्याच्या बाबतीत रॉबसन यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशाने, वामनदादांच्या गीतांनी अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवला. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या दणदणाटात ते शब्द ऐकू येतात काय? ठेका जरूर असावा, तरुणांनी जरूर नाचावे. पण गाणे कोणाचे आणि ते काय सांगते, हे नाचणाऱ्याला कळले पाहिजे. मंडळांनी वर्गणीतला काही भाग गायक-शाहिरांसाठी राखून ठेवावा. जुन्या कवींच्या वह्या घराघरांत वाळवी खात पडल्या आहेत, त्या छापून घ्याव्यात. यंदाच्या जयंतीपासून ही सुरुवात व्हावी.