प्रेमापायी ज्या प्राध्यापकाला फर्ग्युसन सोडावं लागलं, त्यानंच मराठीत गझल रुजवली

फेब्रुवारी उजाडला की आमच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची गर्दी बदलते. एरवी सहकुटुंब पिकनिकवाले असतात, १४ तारखेच्या आसपास मात्र जोड्या वाढतात. विरार स्टेशनला उतरायचं, बस नाहीतर रिक्षा धरायची आणि सुरूच्या बनात सावली बघून बसायचं. समोर पाण्यात किल्ला, बाजूला वाळत घातलेली मासळी आणि कुणाच्या तरी छोट्या स्पीकरवर गाणी.

त्या गाण्यांत हिंदी जास्त असतात, पण एखादा दर्दी भेटतोच. तो सुरेश भटांच्या गझला लावतो, आशाताईंच्या नाहीतर लताबाईंच्या आवाजातल्या. व्हॅलेंटाईन डेसाठी आवडती गाणी निवडायला सांगितली तर माझ्याही यादीत निम्म्या जागा मराठी गझलच अडवेल. आता ही गझल मराठीत आली कुठून, हे शोधत मागे गेलं की रस्ता एका अशा माणसापाशी येऊन थांबतो, ज्याचं एकही प्रेमगीत आज कुणाच्या यादीत नसतं.

त्यांचं नाव माधव ज्यूलियन.

वसई पट्ट्यात हे नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या चर्चचे? इथं मराठी बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळं ज्यूलियन हे नाव शेजारच्या आळीतलं वाटतं. पण हा गडी ख्रिस्ती नव्हता. त्यांचं खरं नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. इंग्रज कवी शेलीची एक दीर्घ कविता आहे, तिच्यात ज्यूलियन नावाचं पात्र आहे. तिथून त्यांनी हे नाव उचललं असं मानतात. मेरी कोरेली या लेखिकेच्या कादंबरीतून घेतलं असंही काहीजण सांगतात. काहीही असो, १९२० च्या दशकातल्या पुण्यात पटवर्धन आडनावाच्या माणसानं असं टोपणनाव लावणं म्हणजे आल्या आल्या भांडण ओढवून घेण्यासारखंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे नाव आम्ही तर शाळेत ऐकलंय. बरोबर. 'प्रेमस्वरूप आई' ही कविता त्यांचीच, लता मंगेशकरांच्या आवाजात ती घराघरांत गेली. खंडाळ्याच्या घाटातल्या आगगाडीचं बालगीतही त्यांचंच. म्हणजे महाराष्ट्रानं या माणसाची आई लक्षात ठेवली, आगगाडी लक्षात ठेवली आणि प्रेयसी मात्र सोयीस्करपणे विसरून टाकली. गंमत अशी की जिवंतपणी त्यांची सगळी चर्चा प्रेयसीवरूनच होती.

जन्म २१ जानेवारी १८९४, बडोद्यात. शिक्षण बडोदा आणि मुंबईत. कॉलेजात त्यांनी फार्सी हा विषय घेतला आणि त्या भाषेनं त्यांना जे धरलं ते कायमचं. त्या काळात बहुतेक मराठी लोकांचा फार्सीशी संबंध यायचा तो जुनी कागदपत्रं आणि दप्तरं वाचण्यापुरता. माधवरावांना त्याच भाषेत हाफिज आणि उमर खय्याम भेटले, मद्य आणि विरह भेटला आणि दोन ओळींत आख्खं दुःख मांडण्याची युक्तीही भेटली.

१९१८ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला लागले. तेव्हाचं पुणे म्हणजे लेखकांचं पुणे. १९२३ मध्ये तिथं काही तरुण कवी जमले आणि त्यांनी 'रविकिरण मंडळ' काढलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, दि. ल. गोखले आणि श्रीधर व मनोरमा रानडे हे नवराबायको. माणसं आठ, पण सूर्याचे किरण सात. मग जमवायचं कसं? तर रानडे दांपत्याला मिळून एक किरण धरायचं ठरलं. व्हॅलेंटाईनवरच्या लेखात सांगावा असा किस्सा म्हटला तर हा आहे, फक्त त्या काळी कवयित्रीचं वेगळं मोजमाप कुणाला गरजेचं वाटलं नाही हेही त्यात आलंच.

या मंडळानं केलेली मोठी गोष्ट म्हणजे काव्यगायन. कविता छापून घरी वाचण्यापुरती न ठेवता ती लोकांपुढं चालीत म्हणायची. यशवंत आणि गिरीश तर त्यासाठी प्रसिद्धच होते. लोकांना कविता कानानं ऐकायची सवय लागली आणि पुढं १९३० च्या दशकात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भावगीत आलं, तेव्हा श्रोते आधीच तयार होते. भावगीताच्या जन्माचं सगळं श्रेय या मंडळाला देता येणार नाही, पण मशागत त्यांनी केली होती.

टिंगलही जोरात झाली. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं लिहिलेल्या 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात रविकिरण मंडळाची यथेच्छ खेचली आणि ज्यूलियन यांच्या 'श्यामले' या कवितेचं विडंबन तर मूळ कवितेपेक्षा जास्त गाजलं. संस्कृत आणि फार्सी शब्द एकाच ओळीत नांदवायची माधवरावांची सवय अत्र्यांसाठी आयतं खाद्य होती.

टिंगलीनं नोकरी जात नाही. नोकरी गेली ती दुसऱ्याच कारणानं.

फर्ग्युसनमधल्या एका विद्यार्थिनीशी त्यांचं नाव जोडलं गेलं. प्राध्यापक तरुण, कवी आणि कवितांतून उघडपणे प्रेम लिहिणारा. पुण्यात बोभाटा व्हायला एवढं पुष्कळ होतं. प्रकरण वाढलं आणि १९२४ मध्ये त्यांना फर्ग्युसन सोडावं लागलं. तिशीतला माणूस, हातची प्रतिष्ठेची नोकरी गेलेली आणि गावभर नाव झालेलं.

इथं जरा थांबायला हवं. ही गोष्ट सांगताना बहुतेकजण कवीला हुतात्मा करून मोकळे होतात. एका बाजूला खडूस पुणं, दुसऱ्या बाजूला हळवा कवी, संपली गोष्ट. मला ते तितकं सोपं वाटत नाही. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातलं नातं आज कुठल्याही कॉलेजच्या समितीपुढं गेलं तर पहिला प्रश्न अधिकाराचा निघेल. मार्क कोणाच्या हातात होते, नाही म्हणायची मोकळीक कोणाला होती? १९२४ मध्ये हे प्रश्न चर्चेच्या मध्यभागी नव्हते. तेव्हा राग होता तो अब्रू जाण्याचा. म्हणजे पुण्यानं त्यांना जाब विचारला तो बरोबर असेल-नसेल, पण ज्या कारणानं विचारला ते आजचं कारण नव्हतं. आणि दोन्ही काळांत एक गोष्ट सारखीच राहिली. प्राध्यापकाची चरित्रं आली, ती मुलगी मात्र त्या चरित्रांतल्या एका प्रकरणापुरती उरली.

माधवराव गप्प बसले नाहीत. १९२५ मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश भारत इतिहास संशोधक मंडळानं काढला. इतिहासाच्या अभ्यासकांना शिवकाळातली, पेशवाईतली पत्रं वाचताना अडलेल्या शब्दांसाठी हा कोश वर्षानुवर्षं कामी आला. म्हणजे ज्या पुण्यात नाव खराब झालं होतं, त्याच पुण्याच्या हाती त्यांनी एक जाडजूड, उपयोगी ग्रंथ ठेवला. आणि पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, 'विरहतरंग'. कॉलेजातल्या प्रेमाची आणि ते तुटण्याची खंडकाव्यातली कहाणी. वाचणाऱ्यांनी त्यात कवीचं आयुष्य शोधलं नसतं तरच नवल. पौराणिक राजाराणी नाहीत, राधाकृष्णाचा आडोसा नाही, कॉलेजात शिकणारी आजची माणसं. मराठी प्रेमकवितेत ही मोकळीक तेव्हा नवीन होती आणि माझ्या मते गझलेइतकंच हेही त्यांचं देणं आहे.

पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजनं त्यांना जागा दिली. १९२८ मध्ये लीलाबाईंशी लग्न झालं. पुस्तकांचा सपाटा सुरूच होता. समाजसुधारकांच्या ढोंगावरचं 'सुधारक', मग 'नकुलालंकार', उमर खय्यामच्या रुबायांचं थेट फार्सीतून केलेलं भाषांतर आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून केलेली 'द्राक्षकन्या'. एकाच कवीला दोन वाटांनी मराठीत आणायचं हे त्यांचं वेड बघून वाटतं, या माणसाला झोप कधी मिळत असेल?

आणि १९३३ साली 'गज्जलांजलि'.

गझलेचे प्रयोग मराठीत आधीही झाले होते. अठराव्या शतकात अमृतराय आणि मोरोपंतांनी हात लावून बघितला होता, संगीत नाटकांतही गझलेच्या चाली शिरल्या होत्या. पण फार्सी शिकून, तिची वृत्तं समजून घेऊन, ती मराठीत एकेक करून बसवून दाखवण्याचं काम माधव ज्यूलियन यांनी केलं. ते तिला गज्जल म्हणायचे.

हे बसवणं म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. गझल दोन-दोन ओळींच्या शेरांची असते. प्रत्येक शेराच्या शेवटी तोच शब्द किंवा तेच शब्द येतात, तो रदीफ. त्याच्या आधी यमक येतं, तो काफिया. समजा रदीफ 'होता' ठरला, तर काफिये 'किनारा', 'इशारा', 'निवारा' असे येतील. पहिल्या शेरात दोन्ही ओळी तशा संपतात, पुढं फक्त दुसरी. ऐकणारा तो ठरलेला शब्द यायची वाट बघतो आणि कवी तिथवर जाताना दरवेळी वेगळी वाट घेतो. प्रेमाच्या गाण्याला हा साचा इतका का मानवतो, याचं उत्तर मला तरी या वाट बघण्यातच दिसतं.

दुसरी अट वृत्ताची. फार्सी वृत्तं ऱ्हस्व-दीर्घाच्या क्रमावर चालतात आणि मराठी अक्षरगणवृत्तंही लघु-गुरूच्या क्रमावरच चालतात. दोन वेगळ्या भाषांच्या बिजागऱ्या एकमेकींत बसतात, हे माधवरावांनी ओळखलं.

मात्र त्यांच्या गज्जलांवर एक आक्षेप कायम राहिला. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असावा लागतो, वेगळा काढला तरी उभा राहायला हवा. ज्यूलियन यांच्या बऱ्याच रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भावना सांगत जातात, म्हणजे अंगरखा गझलेचा आणि जीव भावगीताचा. आक्षेप खरा आहे. त्यांच्या पाठोपाठ बराच काळ गझल हे मराठीत केवळ एक वृत्त समजलं गेलं. गझलेचा स्वभाव मराठीत आणायला सुरेश भटच यावे लागले. १९३२ साली जन्मलेले भट ज्यूलियन गेले तेव्हा सात वर्षांचे होते.

पण गाण्याच्या दृष्टीनं ज्यूलियन यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'छंदोरचना'. पहिली आवृत्ती १९२७ ची, मग दहा वर्षं खपून वाढवलेली १९३७ ची. मराठीतल्या छंद, वृत्त आणि जातींची त्यांनी मोजदाद केली, वर्गवारी केली. चालीत म्हणायच्या कवितांत मात्रांचे ठरावीक गट फिरून फिरून येतात, त्याला त्यांनी आवर्तन मानलं. आठ मात्रांचं ते पद्मावर्तन, सहा मात्रांचं ते भृंगावर्तन. तबला वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, आठ म्हणजे केरवा आणि सहा म्हणजे दादरा. आपली कितीतरी भावगीतं याच दोन तालांवर डोलतात. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली, मराठी साहित्यातल्या कामासाठी ही पदवी मिळवणारे ते पहिले.

१९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बारा वर्षांपूर्वी कॉलेजातून जावं लागलेला माणूस आता मराठी साहित्याच्या सगळ्यात मानाच्या खुर्चीवर होता.

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अनाकलनीय वळण मात्र याच काळातलं आहे. ज्यानं फार्सीचा कोश केला आणि आपल्या कवितांत फार्सी शब्द सढळ हातानं पेरले, तोच माणूस मराठीतून फार्सी-अरबी शब्द काढावेत म्हणून हट्टाला पेटला. १९३८ मध्ये त्यावर 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तकच लिहिलं. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचे ते दिवस होते, हे लक्षात घेतलं तरी प्रश्न उरतोच. गझल घ्यायची, पण गझलेच्या भाषेला दार बंद करायचं, हे मला आजही पटत नाही. नंतरच्या मराठी गझलेनंही ते ऐकलं नाही, हे बरं झालं.

त्याच १९३८ साली 'तुटलेले दुवे' आलं, चौदा ओळींच्या सुनीतांची माळ. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४५. 'मधुलहरी' हे खय्यामचं आणखी एक मराठी रूप त्यांच्या मागून, १९४० मध्ये छापलं गेलं.

नंतर लीलाबाई पटवर्धनांनी त्यांच्या संसारावर एक पुस्तक लिहिलं. ज्या माणसाच्या जुन्या प्रेमाची चर्चा सगळ्या महाराष्ट्रानं केली होती, त्याच्याबरोबर रोजचं जगणं कसं होतं हे त्याच्या बायकोनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं. लग्न १९२८ चं आणि मृत्यू १९३९ चा. पुस्तकाचं नाव, 'आमची अकरा वर्षे'.