आरोपपत्र नसलेली कैदी

‘मिसा’ हा शब्द आपल्या गावांतून अजून ऐकू येतो. अमक्याचे वडील मिसात होते, तमक्याच्या काकांना मिसाबंदी म्हणून मानधन मिळतं. महाराष्ट्रात २०१८ साली हे मानधन सुरू झालं, मध्ये बंद पडलं, पुन्हा चालू झालं. त्यामुळे हल्ली मिसा म्हटलं की लोकांना आधी बँकेचं पासबुक आठवतं! मला मात्र एक बाई आठवते. कानडी सिनेमातली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी. मैत्रिणींनो, आपल्या आयांच्या पिढीने हे नाव १९७७ साली हळहळत घेतलं होतं.

स्नेहलताचा जन्म १९३२ सालचा, आंध्रातल्या ख्रिस्ती घरातला. इंग्रजांच्या राज्याची चीड एवढी, की तिने आपलं भारतीय नाव पुन्हा लावलं आणि कपडेही भारतीयच वापरायचे ठरवलं. नवरा पट्टाभिराम रेड्डी तेलुगू कवी, पुढे सिनेदिग्दर्शक. दोघंही राममनोहर लोहियांच्या विचारांचे. मद्रासला ‘मद्रास प्लेअर्स’ ही नाटकमंडळी उभी राहिली त्यात ती होती. इंग्रजी नाटकांतून कामं करायची, बसवायचीही. मुलगी, मुलगा, संसार हे सगळं सांभाळून हं!

१९७० साली पट्टाभिरामांनी अनंतमूर्तींच्या कादंबरीवर ‘संस्कार’ काढला. गिरीश कार्नाड प्राणेशाचार्य आणि स्नेहलता चंद्री. अग्रहारातला एक बंडखोर ब्राह्मण मरतो, त्याला अग्नी कोणी द्यायचा यावर सगळे वाद घालत बसतात. त्याच्याबरोबर राहणारी चंद्री अंगावरचे दागिने काढून पुढे ठेवते, अंत्यविधी तरी करा म्हणून. सेन्सॉरने आधी या सिनेमाला परवानगीच नाकारली होती. मग त्यालाच राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. आपल्याकडे असंच चालतं!

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. ते रेड्डी कुटुंबाचे स्नेही. रेल्वेमार्ग, पूल उडवण्यासाठी डायनामाइट जमवल्याचा आरोप जॉर्ज आणि त्यांच्या साथीदारांवर होता, तोच बडोदा डायनामाइट खटला. आता कुठलंही सरकार अशा गोष्टीकडे काणाडोळा करणार नाही, हे मलाही कळतं. डायनामाइट म्हणजे काही दिवाळीचे फटाके नव्हेत. पण संशय असेल तर पुरावा द्या, कोर्टात उभं करा. कायदा आणखी कशासाठी असतो?

मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१ सालचा. त्यात खटल्याशिवाय माणूस आत ठेवता येत असे. आणीबाणीत तो आणखी कडक केला, इतका की अटकेचं कारणही सांगायची गरज उरली नाही. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं, अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढं तरी आम्ही तपासू. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तेही दार लावलं. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना.

आणि २ मे रोजी, म्हणजे चारच दिवसांनी, स्नेहलताला पकडलं.

आधी कटाचं कलम लावलं होतं. ते पुढे टिकलं नाही, तरी मिसाखाली तिला आतच ठेवलं. सप्टेंबरमध्ये बडोदा खटल्याचं आरोपपत्र दाखल झालं, २५ आरोपींचं. त्यात स्नेहलताचं नाव नव्हतं! मला वाटायचं, नाव नाही म्हटल्यावर सुटली असेल बिचारी. तसं नसतं. खटला असता तर जामीन मागता आला असता, साक्षीदार उलटतपासता आले असते, चूक दाखवता आली असती. जिथे आरोपच नाही तिथे निर्दोष ठरायचं तरी कसं?

तिला दमा होता, जुना. दमा असलेलं माणूस घरात असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या सासूबाईंना होता. रात्री दोन वाजता धाप लागायची. मग खिडकी उघडा, पाठीशी उशा रचा, गरम पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. घरात चार माणसं असून जीव घाबरा व्हायचा. बंगळूरच्या तुरुंगात तिची कोठडी लहानशी, कडेला शौचासाठी एक भोक. औषधोपचार नियमित नाहीत. दोनदा ती दम्याने बेशुद्धावस्थेत गेली. त्याच तुरुंगात आपल्या कोकणचे, राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. रात्रीच्या शांततेत स्नेहलताच्या किंकाळ्या ऐकू यायच्या, हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई तेव्हा येरवड्याला कैदेत होत्या. ते ऐकताना दंडवत्यांच्या मनात काय काय आलं असेल!

एवढ्या आजारात या बाईने काय केलं? इतर बायाबापड्यांकडे पाहिलं. चोरीमारीच्या, भांडणतंट्याच्या गुन्ह्यांत आलेल्या गरीब बायका त्या. त्यांना वॉर्डर मारायच्या, जेवण माणसाने खावं असं नसायचं. स्नेहलता त्यासाठी भांडली, उपोषणाला बसली. मार थांबला, जेवण जरा बरं झालं. त्या बायकांना ती गाणी शिकवायची, खेळ घ्यायची. आणि डायरी लिहायची.

तब्येत हाताबाहेर गेली तेव्हा १५ जानेवारी १९७७ला तिला पॅरोलवर सोडलं. १८ला इंदिराबाईंनी निवडणुका जाहीर केल्या आणि नेते सुटायला लागले. २० तारखेला स्नेहलता गेली. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचं वय.

आणीबाणीतल्या मिसाबंदींची संख्या शहा आयोगाने जवळजवळ ३५ हजार नोंदवली आहे. मिसा १९७८ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या ४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही असं ठरलं. १९७६चा तो निकाल मात्र मोडीत निघायला २०१७ साल उजाडलं, आणि तो मोडणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

पण खटल्याविना आत ठेवणं आपल्या घटनेतच मान्य आहे, कलम २२ मध्ये. १९८० सालचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे पेपरात येणारा ‘रासुका’, आजही आहे. त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. कारणं कळवावी लागतात आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावं लागतं, हा मिसापेक्षा मोठाच फरक. तरी त्या मंडळापुढे वकील उभा करायचा हक्क स्थानबद्धाला नाही. पेपरात कुणावर रासुका लागल्याची बातमी आली की मी हल्ली ती शेवटपर्यंत वाचते. आरोपपत्राचं काही लिहिलंय का, ते बघते.

स्नेहलताची ती डायरी १९७७ सालीच कर्नाटकातल्या मानवी हक्क समितीने छापली.