एडिसन आणि आमच्या पंपाची बॅटरी

आज मी थोर संशोधक थॉमस अल्वा एडिसन यांच्याविषयी लिहीत आहे. त्यांचा विजेचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. मी त्यांच्या बॅटरीची गोष्ट सांगतो.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. शाळेत ते थोडेच महिने गेले. आईने त्यांना घरीच शिकवले. लहान वयात ते आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकत. सामानाच्या डब्यात त्यांनी छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. त्यांना ऐकू कमी येई, पण त्यांनी जिद्द सोडली नाही. १८७९ साली त्यांनी बराच वेळ टिकणारा दिवा तयार केला.

पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी मात्र आधीच निघाली होती. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे आणि आम्ल वापरून ती बनवली. ती फार जड होती. शिवाय ती उतरलेली तशीच पडून राहिली, की पत्र्यांवर कडक थर बसतो. मग ती नीट चार्ज होत नाही.

विजेवरच्या मोटारींसाठी हलकी आणि दणकट बॅटरी करायचे एडिसन यांनी ठरवले. त्यांनी लोखंड आणि निकेल वापरले. बॅटरी बाजारात आली, पण डबे गळू लागले, जोरही कमी पडू लागला. एडिसन यांनी चूक लपवली नाही. कारखाना थांबवला, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाला लागले. १९०९ साली सुधारलेली बॅटरी आली. ती जास्त चार्ज झाली किंवा उतरून पडून राहिली, तरी सहसा बिघडत नसे. तोवर पेट्रोलच्या मोटारी पुढे गेल्या होत्या. तरी रेल्वेच्या सिग्नलला आणि कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या टोपीवरच्या दिव्याला ही बॅटरी कामी आली. आपल्या वणी तालुक्यातही अशा खाणी आहेत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वारले.

आता आमच्या घरची गोष्ट. बाबांचा फवारणीचा पंप बॅटरीवर चालतो. ती बॅटरी शिशाची आहे. मागच्या साली पऱ्हाटीची शेवटची फवारणी झाल्यावर पंप चार्जिंगला लावायचे काम माझे होते. मी खेळाच्या नादात विसरलो. पंप तसाच कोठ्यात पडून राहिला. यंदा पऱ्हाटीवर मावा आला, पंप वावरात नेला, तर पाच मिनिटांत बंद! नव्या बॅटरीसाठी बाबांनी उसने पैसे घेतले. दुकानदाराने जुनाच माल दिला असेल, असे त्यांना वाटले. मी गप्प बसलो.

एडिसन यांचे चरित्र वाचले आणि मला लाज वाटली. त्याच रात्री मी बाबांना खरे सांगितले. ते थोडे रागावले. मग चार्जर माझ्या हाती दिला.

आता मी फवारणी झाली, की त्याच दिवशी पंप चार्जिंगला लावतो. पूर्ण चार्ज झाला, की पिन काढतो, कारण फार वेळ लावून ठेवले तरी बॅटरी खराब होते. काम नसले तरी दर महिन्याला चार्ज करतो. कॅलेंडरवर खूण केली आहे.

मित्रांनो, तुमच्याही कोठ्यात पंप असेल. आज घरी गेल्यावर एकदा बघा बरं!