हौशी कोण, हे कोण ठरवणार?

पैसा शिवला की खेळ बाटतो, असे सांगणाऱ्यांना स्वतःला बहुधा पैशाची ददात नसते. गोल्फमधील ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या याच मानसिकतेतून घडली. फ्रान्सिस विमेटचे आयुष्य हा तिचा जिवंत पुरावा आहे.

विमेटचा जन्म ८ मे १८९३ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे झाला. वडील कॅनडातून आलेले फ्रेंचभाषक कष्टकरी, आई आयरिश वंशाची. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे धनिकांचा ‘द कंट्री क्लब’. तिथल्या गोल्फ मैदानावर सभासदांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी म्हणून विमेट लहानपणीच काम करू लागला. खेळ तो पाहून पाहून शिकला.

१९०९ साली अमेरिकन गोल्फ संघटनेने ठरवले, की वयाच्या सोळा वर्षांनंतर जो कॅडीचे काम करील किंवा मैदानाची निगा राखील, तो व्यावसायिक! म्हणजे हौशी स्पर्धांचे दार त्याला बंद. पिशवी वाहून चार पैसे मिळवणारा पोरगा व्यावसायिक आणि वडिलोपार्जित संपत्तीवर दिवसभर खेळणारा मात्र शुद्ध हौशी. हा न्याय कोणाच्या सोयीचा होता?

विमेट खेळाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात नोकरी करू लागला. सप्टेंबर १९१३ मध्ये त्याच क्लबवर अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. वीस वर्षांचा विमेट, सोबत पिशवी वाहायला दहा वर्षांचा एडी लॉरी आणि समोर हॅरी वॉर्डन व टेड रे हे इंग्लंडहून आलेले नामवंत व्यावसायिक. तिघांची बरोबरी झाल्याने निर्णायक फेरी खेळवली गेली. विमेटने ती ७२ फटक्यांत पूर्ण केली, वॉर्डनला ७७ लागले, रेला ७८. हौशी असल्याने विजेत्याला रोख बक्षीस मात्र नाही. १९१४ मध्ये त्याने अमेरिकेची हौशी स्पर्धाही जिंकली.

पुढे त्याने भागीदारीत खेळ साहित्याचे दुकान काढले. एवढ्यावरून १९१६ साली संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला! खेळण्यासाठी त्याने एक पैसाही घेतला नव्हता. वेस्टर्न गोल्फ असोसिएशनने हा निर्णय मानला नाही. १९१७ मध्ये विमेटने तिची हौशी स्पर्धा जिंकून दाखवली. महायुद्धात तो सैन्यात भरती झाला, तेव्हा कुठे १९१८ मध्ये त्याचा दर्जा परत मिळाला.

१९३१ मध्ये, सतरा वर्षांनी, त्याने अमेरिकेची हौशी स्पर्धा पुन्हा जिंकली. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचा तो पहिला अमेरिकन कॅप्टन झाला. २ सप्टेंबर १९६७ रोजी त्याचे निधन झाले. पण त्याचे खरे स्मारक करंडकांत नाही. मैदानावर राबणाऱ्या तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी १९४९ मध्ये त्याच्या नावाने निधी सुरू झाला, तो आजही चालू आहे.

कॅडींवरचे निर्बंध १९६३ मध्ये उठले. १ जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूला जाहिरात व प्रायोजकत्वातून कमाई करण्याचीही मुभा मिळाली. खेळ बुडाला नाही. मग इतकी वर्षे जपले ते काय, खेळाचे पावित्र्य की क्लबचे कुंपण? हौस प्रत्येकालाच असते. पोट भरल्याशिवाय ती भागवता येत नाही, एवढेच. नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत राबणारा माणूस बसत नाही, तोवर त्याचे श्रम हाच त्याचा गुन्हा ठरवला जातो.