रंग न ओळखणाऱ्याचा ब्रँड

कॉलेजात हल्ली ज्वाळांच्या अक्षरांतला ‘थ्रॅशर’ टी-शर्ट सर्रास दिसतो. आपल्या बीडकडं थ्रेशर म्हणजे मळणीयंत्र! पण हे आहे अमेरिकेतलं स्केटबोर्डचं मासिक. बोर्डाखाली चाकं धरणारे ‘ट्रक’ बनवणाऱ्यांनीच आपला माल खपावा म्हणून १९८१ साली ते काढलं. भारी आयडिया, पण आपल्याकडं ती एका नांगरवाल्याच्या कारखान्यात १९२० सालीच झाली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. पोराला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथंच कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा वाईट बातमी कोणती? पण रेघ पक्की होती. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकला आणि मुंबईतल्या व्हीजेटीआयमध्ये तीच शिकवू लागला. जोडीला भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान. पुढं बढती हुकली, तशी नोकरी सोडून तेही बेळगावला आले.

मग त्यांनी लोखंडी नांगर बनवला. तो दोन वर्षं कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! त्यात बेळगावची कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. गंमत म्हणजे हे राजे स्वतः चित्रकार. त्यांनी दिलेल्या निवडुंगाच्या, सापांच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

माल गावोगाव पोचवायचा कसा? पुतण्या शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या जाहिरातीसाठी सुरू झालेलं हे पत्र पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत वाचलं गेलं. त्याला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ अशी भावंडंही झाली.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. लोगोची खरी जादू मला वाटतं कारखान्याच्या ओतकामात आहे. आमच्या विहिरीवर जुना किर्लोस्कर पंप आहे. त्याचा मूळ रंग कोणता होता, हे आता घरात कुणालाच आठवत नाही. पण लाइट गेल्यावर अंधारात हात फिरवला, की उठावाची अक्षरं एकेक करून बोटाला लागतात.