अजिंठ्याचा शाप आणि मेजर गिल

लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या भव्य प्रदर्शनगृहाला ३० डिसेंबर १८६६ रोजी आग लागली. काच आणि लोखंडाच्या या इमारतीच्या उत्तरेकडील भागात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्र-प्रतिकृती मांडलेल्या होत्या. त्या जवळजवळ सर्वच जळून गेल्या. लेण्यांतील चित्रांची नक्कल करणाऱ्यावर शाप येतो, या दंतकथेचा आरंभ या आगीपासून सांगितला जातो. या शापाचा पहिला बळी म्हणून ज्याचे नाव घेतात, तो मेजर रॉबर्ट गिल त्या वेळी हजारो मैल दूर, लेण्यांच्या सावलीतच राहत होता.

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनमधला. तरुणपणीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाला. चित्रकलेचा हात चांगला होता आणि शिकारीचा नादही दांडगा. हे दोन्ही गुण पुढे त्याला एकाच ठिकाणी उपयोगी पडायचे होते. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि रानाने वेढलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील खांबावर स्वतःचे नाव कोरून ठेवायला तो विसरला नाही. त्यानंतर येणाऱ्या हौशी पाहुण्यांनी चित्रांचे तुकडे काढून नेण्याचा सपाटा लावला. जेम्स बर्ड या डॉक्टरने भिंतीवरच्या आकृती सोडवून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचा अक्षरशः भुगा झाला. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये या ठेव्याकडे लक्ष वेधल्यावर कंपनीच्या संचालकांनी प्रतिकृती तयार करवून घेण्याचे ठरवले. १८४४ मध्ये या कामी गिलची नेमणूक झाली.

चाळिशीतला गिल अजिंठा गावातील जुन्या बारादरीत राहू लागला. लेणी निजामाच्या मुलखात आणि डोंगर उतरला की पहूर, जामनेर हा इंग्रजांचा खानदेश, अशी ही सीमेवरची जागा. लेण्यांत अंधार, वटवाघळांची दुर्गंधी, मधमाश्यांची पोळी. भोवतीच्या रानात वाघांचा वावर आणि पावसाळ्यानंतर हटकून येणारा ताप. अशा स्थितीत त्याने मूळ भिंतींशी मापाने बरोबरी करू पाहणारी प्रचंड चित्रे कॅनव्हासवर उतरवली. काम वर्षानुवर्षे चालले आणि चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत राहिली.

याच काळात पारो त्याच्या आयुष्यात आली. गिल विवाहित होता, पण त्याच्या अजिंठ्यातील संसाराचे नाव पारो हेच होते. मे १८५६ मध्ये तिचे निधन झाले. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि ती आपली प्रिय होती, हे गिलने त्यावरील इंग्रजी लेखात न लाजता नोंदवले आहे. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. ना. धों. महानोरांनी याच कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य रचले आणि २०१२ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

पारोच्या मृत्यूनंतरही गिलने अजिंठा सोडला नाही. त्याने कॅमेरा हाती घेतला. लेण्यांची त्याने टिपलेली छायाचित्रे १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह दोन पुस्तकांत प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी क्रिस्टल पॅलेसच्या आगीत आयुष्याच्या ऐन उमेदीतले श्रम गेले. बचावलेल्या प्रतिकृती बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पुढच्या घटनांनी दंतकथेला बळ दिले. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील शंभराहून अधिक चित्रे १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाली. १९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तंबू ठोकून काम केले. मायदेशी परतल्यावर आपला पाठलाग होत असल्याच्या भासाने त्यांना ग्रासले आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे मनोरुग्णालयात गेली. जपानी चित्रकार अराई कांपो यांनी नेलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या. एवढी मालिका डोळ्यांसमोर आली, की भल्याभल्यांना शंका यावी.

मात्र शाप सांगणारे निवडून सांगतात. हेरिंगहॅम यांच्याच तंबूत राहून, त्याच अंधारात काम केलेले नंदलाल बोस पुढे भारतीय कलेचे आचार्य झाले आणि त्र्याऐंशी वर्षे जगले. ग्रिफिथ्स यांनाही ऐंशीच्या घरातले आयुष्य लाभले. क्रिस्टल पॅलेसचे म्हणाल, तर उरलेली इमारत १९३६ मध्ये पुन्हा पेटून पुरती भस्म झाली. तेव्हा तिथल्या अजिंठ्याच्या चित्रांची राख होऊन सत्तर वर्षे लोटली होती. हानीचा हिशेब मांडायचाच, तर भिंतींकडे पाहावे. रंग उजळ दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतिकारांनी, विशेषतः ग्रिफिथ्स यांच्या चमूने, मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले. विसाव्या शतकात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. काळाबरोबर हे थर पिवळे पडले, काळवंडले आणि धूळ धरून बसले. ते उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली कित्येक वर्षे कापसाच्या बोळ्याने, इंचाइंचाने करत आले आहेत.

गिल शेवटपर्यंत याच मुलखात राहिला. एप्रिल १८७९ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत आहे, पारोच्या कबरीपासून डोंगर उतरून पहूर, जामनेरमार्गे जावे लागते इतकी दूर.